नाताळाचा आनंद आणि शरीराची काळजी

(आगमनकाळात मंडळीच्या सभेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



सातपुड्याच्या पायथ्याशी मिशनच्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून सेवा करते. डिसेंबर लागला की घरोघरी करंज्या-अनारसे तळले जातात, कॅरोल गाणारे रात्री दारोदार फिरतात. मग मध्यरात्रीची उपासना, पाहुणे आणि वर्षाच्या शेवटच्या रात्रीची प्रार्थना. हा आनंद देवाची देणगी आहे. पण जानेवारी उजाडताच दवाखान्यातली रांग वाढते, हेही मी पाहते. म्हणून आज शरीराविषयी चार शब्द.

त्या रांगेत मी प्रथम सिकलसेलची मुले शोधते. हा आजार आईवडिलांकडून येतो आणि आपल्या आदिवासी भागांत बराच आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी सरकारने 2023 साली राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे. निरोगी तांबडी पेशी गोल असते व सुमारे 120 दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, 10 ते 20 दिवसांत नष्ट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. थंडी, पाण्याची कमतरता, अतिश्रम आणि ताप यांनी त्या उठतात. डिसेंबरच्या रात्री उघड्यावर गाणाऱ्या, नाचून दमलेल्या आणि पाणी प्यायचे विसरलेल्या मुलाला किती जपावे लागत असेल, याचा विचार करा.

तरीही वसतिगृहात आम्ही या मुलांना सणापासून दूर ठेवत नाही. गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, आजारी म्हणून मला बाजूला बसवू नका." त्याने ढोल गळ्यात घातला. दोन गाणी झाली की तो ढोल मित्राकडे द्यायचा, पाणी प्यायचा, शेकोटीजवळ बसायचा आणि पुन्हा उठायचा. सगळा नाताळ त्याने असाच केला. आमचे नियम साधे आहेत: कानटोपी व स्वेटर घालायचा, पाण्याची बाटली जवळ ठेवायची, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी 25 तारखेलाही चुकवायची नाही. दुखू लागले तर गरम कपड्याने शेकायचे, बर्फ लावायचा नाही. ताप 101 अंशांवर गेला, छातीत दुखले किंवा दम लागला, तर उपासना संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

त्या मुलाची रीत आपणा सर्वांना उपयोगी आहे. मधुमेह असलेल्यांनी सणात गोळी किंवा इन्सुलिनची वेळ चुकवू नये. संध्याकाळी गोड खायचे म्हणून दुपारी उपाशी राहू नये. दहा घरी दहा करंज्या खाण्यापेक्षा एखादी जेवणासोबत खावी, बाकी ठिकाणी प्रेमाने नको म्हणावे. यजमानांनीही आग्रह आवरावा. रक्तदाब असणाऱ्यांनी चिवडा, फरसाण, लोणचे बेतानेच घ्यावे. आणि घरातली जी बाई पहाटेपासून चुलीपाशी उभी असते, तिला दुपारी तासभर आडवे होऊ द्यावे; भांडी इतरांनी घासावीत.

विसावा घेणे म्हणजे आळस नव्हे. एलीया संदेष्टा खचून झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. पुढच्या वाटेचे बोलणे त्यानंतर झाले.

आपण दरवर्षी वसतिगृहाला मिठाईचे खोके पाठवता. मुले ते आनंदाने खातात; आपले आभार. यंदा मात्र एक खोका कमी करून त्या पैशांत एक ब्लँकेट, कानटोपी किंवा पाण्याची बाटली द्यावी, ही विनंती. शेंगदाण्याची चिक्की दिलीत तर खाऊही होईल आणि थंडीत अंगाला बळही मिळेल.

प्रभू आपणा सर्वांना आनंदाचा आणि आरोग्याचा नाताळ देवो. आमेन.