गोड भाषा आणि कोरडें मन

(बुलढाणा जिल्ह्यांतील एका खेड्याच्या वाचनालयांत एका शिक्षकांनीं केलेलें भाषण)



वि. स. खांडेकरांची 'ययाति' आम्हीं दोनदां वाचली. १९५९ सालीं ती निघाली व १९६० सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. भाषा तर अशी, कीं तोंडांत गूळ विरघळावा! पण पुस्तक मिटलें आणि मन कोरडेंच राहिलें. आम्हांस रसिकताच नाहीं कीं काय, या शंकेनें बरेच दिवस आम्ही गप्प बसलों.

मग कारण सांपडलें. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कथा स्वतः सांगतात. शर्मिष्ठा दासी होते, तिच्या दुःखानें वाचक रडतो. पण ती मूळची राजकन्या! जी दासीच्याच पोटीं जन्मली, तिला आपली कथा सांगावयास एक प्रकरणही नाहीं. ज्याला पेरणीच्या बियाण्याची विवंचना, त्यानें राजाच्या अतृप्तीवर किती रडावें?

आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पाहा. सुरतेच्या एका विधवेला कोर्टानें शिक्षा दिली, तेव्हां सारा दोष बाईचाच कसा, असा सवाल त्यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून केला. भाषा जात्यासारखी खडबडीत. पण पीठ पडतें!

'ययाति' वाचूं नका, असें आम्ही म्हणत नाहीं. वाचा, मुलींनाही वाचावयास द्या. पण विद्वानांनीं वाखाणली म्हणून उगीच मान डोलवूं नका. पुस्तक मिटल्यावर विचारा, 'यांत आमची कथा कोणीं सांगितली?' उत्तर न मिळालें तर लाजूं नका. पाटी-लेखणी आतां तुमच्याही घरांत आहे.