उतरलेलं वजन टिकवताना

वजन उतरवणं पुष्कळांना जमतं. ते टिकवताना खरी कसोटी लागते. वजन घटलं की शरीर पूर्वीपेक्षा कमी उष्मांक जाळतं आणि भूक मात्र वाढवतं. म्हणून पथ्य सुटताच किलो परत येतात. त्यासाठी कुणाच्या निश्चयाला बोल लावण्यात अर्थ नाही.

मग ज्यांचं टिकलं, ते काय करतात? अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी 1994 साली अशा लोकांची राष्ट्रीय नोंदवहीच उघडली. अट अशी, की किमान 13.6 किलो वजन उतरलेलं हवं आणि ते वर्षभर टिकलेलंही. पुढे दहा हजारांहून जास्त लोक त्यात आले. वजन उतरवण्याचे मार्ग निरनिराळे, सवयी मात्र बऱ्याच जुळत्या. 78 टक्के लोक रोज न्याहारी करतात, 75 टक्के आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. 90 टक्के लोक दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि त्यात सर्वाधिक पसंती साध्या चालण्याला. सुट्टीच्या दिवशीही एरवीसारखंच खाणाऱ्यांचं वजन अधिक टिकलं. रविवारच्या मटणावर आडवा हात मारणाऱ्या आपल्या मंडळींना हे रुचणार नाही!

नोंदवहीतले हे लोक स्वतःहून नाव नोंदवणारे, म्हणजे मुळात उत्साही. तेव्हा न्याहारी केली की वजन घटतंच, असा अर्थ काढू नये. काट्याची आणि चालण्याची सवय मात्र बिनखर्चाची आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा.