श्वासावर उडणारी भुकटी

दम्याचे कितीतरी रुग्ण कॅप्सूलचा इनहेलर वापरतात. त्या कॅप्सूलमधलं औषध श्वासनळीच्या बारीक शाखांपर्यंत पोचायचं, तर त्याचा कण 1 ते 5 मायक्रॉनचा लागतो. मोठे कण घशातच आदळतात. आणि नेमकी एवढी बारीक भुकटीच वाहायला तयार नसते.

रवा डब्यातून सरसर ओतता येतो, मैदा मात्र ढेकळांनी पडतो. कणाचा व्यास दहापट घटला की त्याचं वजन हजारपट घटतं, पण शेजारच्या कणाची ओढ दहापटच घटते. म्हणजे वजनाच्या मानाने चिकटपणा शंभरपट वाढला!

ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या डेरेक गेल्डार्ट यांनी 1973 साली भुकट्यांचे चार गट पाडले. त्यातला 'सी' गट या चिकट भुकट्यांचा. खालून हवा सोडली की वाळू सुटी होऊन खदखदू लागते. ही भुकटी मात्र गठ्ठ्यानेच उचलली जाते, नाहीतर हवा तिच्यात बीळ पाडून निघून जाते.

चिकटपणा मोजायची एक साधी रीत आहे. मोजपात्रात 100 मिलिलिटर भुकटी हलकेच ओतायची आणि पात्र ठोकत राहायचं. ती 70 पर्यंत खाली बसली, तर ती सहज वाहणारी नव्हे. मग कॅप्सूलमध्ये ती सारखी भरायची कशी? फॉर्मोटेरॉल या दम्याच्या औषधाचा डोस तर अवघा 12 मायक्रोग्रॅम! म्हणून त्यात 25 मिलिग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मिसळतात. तिचे कण जाड असतात आणि औषध त्यांना चिकटून राहतं. अडचण होती तीच इथे कामाला लावली. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

पण औषध पुन्हा सुटलंही पाहिजे. डॉ. रॉजर अल्टून्यान स्वतः दमेकरी होते, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकही होते. त्यांच्या 'स्पिनहेलर' या इनहेलरमध्ये याच कामासाठी चिमुकला पंखा होता. श्वास ओढला की तो फिरे, कॅप्सूल थरथरे आणि भुकटी उडे. आजच्याही अशा इनहेलरमध्ये बळ रुग्णाच्या श्वासाचंच असतं. म्हणून श्वास पहिल्यापासून जोरात आणि खोल ओढायचा. हळू ओढला, तर औषध लॅक्टोजला धरूनच घशात बसतं.

आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आणखी जपायला हवं. ओलावा कणाकणांत पाण्याचे सूक्ष्म पूल बांधतो आणि मग श्वासाचं बळ पुरत नाही. तेव्हा कॅप्सूल ऐनवेळीच बाहेर काढा, आणि इनहेलरमध्ये कधीही फुंकर मारू नका. तोंडातली वाफ थेट भुकटीत जाते.