पिल्लाचं घराणं विचारा



परसात दहा-वीस कोंबड्या पाळायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो जातीचा. वनराजा घेऊ की गिरिराज? गावरान बरी की कडकनाथ? दुसरा प्रश्न भावाचा. मग पिल्लं घरी येतात, चौथ्या-पाचव्या दिवशी पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागतात आणि आमच्याकडे फोन येतो, "डॉक्टर, औषध सांगा." मी उलट विचारतो, पिल्लं आणली कुठून? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. दारावर एक माणूस आला होता, स्वस्तात देत होता.

आज मला बोलायचं आहे ते या 'कुठून'बद्दल. पिल्लू जगणार की जाणार याचा पुष्कळसा निकाल ते तुमच्या अंगणात उतरण्याआधीच लागलेला असतो.

कसा, ते सांगतो. अंडं २१ दिवस उबतं. यंत्रात उबवताना साधारण १८ दिवस ते एका कपाटात फिरवत ठेवतात आणि शेवटचे ३ दिवस दुसऱ्या कपाटात. कवच फोडण्याच्या सुमारास पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि बेंबी मिटते. त्या बलकाच्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तगू शकतं. म्हणून तर पिल्लांची खोकी शेकडो मैल जाऊ शकतात. आईच्या अंगातली रोगाशी लढायची ताकदही याच बलकातून पिल्लाला मिळते. पण आईच्या अंगात रोग असेल तर तोही पिल्लात उतरतो. पुलोरम नावाची पांढरी हगवण अशीच अंड्यातून येते. यंत्र घाण असेल तर न मिटलेल्या बेंबीतून जंतू शिरतात, पोट फुगतं, बेंबी पिकते, आणि मग कितीही महागाचं औषध पाण्यात घाला, फारसं काही हाती लागत नाही. म्हणून भाव विचारण्याआधी पिल्लाचं घराणं विचारा. आई-बापांचा कळप कोणाचा, त्याला लसी दिल्या का, अंडी उबवली कुठे?

हे प्रश्न ज्याला विचारता येतात आणि जो त्यांची सरळ उत्तरं देतो, त्याच्याकडूनच पिल्लं घ्यावीत. महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. बऱ्याच जिल्ह्यांत सघन कुक्कुट विकास गट आहेत. मुंबईत आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. या ठिकाणी आगाऊ मागणी नोंदवावी लागते आणि थांबावं लागतं. लोक इथेच कंटाळतात आणि दारावरच्या पाटीकडे वळतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, थांबा. खुराडं बांधायला, जाळी मारायला, दाण्याची सोय करायला तो वेळ लागतोच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलंत तर पुढची उबवणी कधीची आहे हेही कळेल.

खासगी उबवणी केंद्रंही चांगली आहेत, पण त्यांच्यात दोन प्रकार असतात. एकाचा स्वतःचा मातृकळप असतो. दुसरा पाच गावांतून अंडी गोळा करून यंत्रात घालतो. दुसऱ्याकडची पिल्लं हातात घेतलीत तर एक पिल्लू टपोरं आणि दुसरं चिमणीएवढं दिसेल, कारण अंडीच लहानमोठी होती. वरून दिसत नाही तो फरक अधिक घातक असतो. काहींच्या आईला मानमोडीची लस दिलेली असते, काहींच्या नाही. त्यामुळे एकच लस सगळ्या पिल्लांना सारखी लागू पडत नाही. म्हणून स्पष्ट विचारा, अंडी तुमच्या कोंबड्यांची की बाहेरची?

दुसरा प्रश्न मरेक्स या रोगाच्या लसीचा. ती पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच मानेच्या कातडीखाली टोचायची असते. मोठ्या कुपीत येते, थंड ठेवावी लागते, घरी आणून ते जमत नाही आणि उशिरा दिली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. लस चुकली तर दोन-तीन महिन्यांनी चांगली भरलेली तलंग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडते आणि मालकाला वाटतं कुणीतरी दगड मारला. मरेक्स दिली आहे असं पावतीवर लिहून मागा. जो लिहून द्यायला कचरतो त्याच्याकडून घेऊ नका.

आता बाजारातल्या रंगीत पिल्लांविषयी. आठवडी बाजारात, जत्रेत, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी पाटीत गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं चिवचिवत असतात. मुलं हट्ट धरतात आणि आपणही दोन घेऊन टाकतो. ही पिल्लं येतात कुठून? अंड्यांसाठीच्या लेअर जातीची पिल्लं उबली की पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. माद्या पोल्ट्रीवर जातात. नर अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही लवकर चढत नाही, म्हणून ते कवडीमोलानं बाहेर पडतात. त्यांनाच रंगात बुडवून विकतात. ओलं झालेलं पिल्लू गारठतं, दिवसभर उन्हात किंवा वाऱ्यात उपाशी राहतं, लस तर बहुधा नसतेच. बहुतेक घरी येऊन चार दिवसही काढत नाहीत, आणि जगलं तरी तो नर असतो, त्यापासून अंडं मिळायचं नाही. त्या जिवांची मला फार दया येते आणि म्हणूनच सांगतो, ती विकत घेऊ नका. घेणारा आहे तोवर रंगाची बादली भरतच राहणार.

तसंच ब्रॉयलरचं पिल्लू. त्याची पैदासच सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाण्यासाठी केलेली आहे. अंगणात उकरून खाणं, मांजर दिसताच पळणं त्याला झेपत नाही. वाढलं की पायच धरतात. परसात त्याला आणू नये.

मग आणावं काय? हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठी वनराजा, ग्रामप्रिया आणि श्रीनिधी या जाती तयार केल्या. कर्नाटकातून गिरिराज आली. आपली गावरान वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तर ग्रामप्रिया अंगणात फिरूनही दीडशेच्या वर जाऊ शकते. वनराजा अंगानं भारी, तिचे नर चांगला भाव घेतात, पण त्याच वजनामुळे घार-मुंगूस आलं की ती गावरानइतकी चपळ नसते. जंगलालगतच्या वाडीवर मी वनराजापेक्षा गावरान किंवा ग्रामप्रिया सुचवीन. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत ती मी सांगतो. या सुधारित जाती संकरित आहेत. त्यांची अंडी घरी उबवलीत तर पुढची पिढी आईसारखी निघत नाही. शिवाय गावरानसारख्या त्या सहसा खुडूकही होत नाहीत. म्हणजे दर दोन वर्षांनी तुम्हाला पिल्लांसाठी पुन्हा त्याच दारात जायचं आहे, आणि म्हणून ते दार जवळचं आणि भरवशाचं हवं.

कडकनाथ घेणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावेत. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात, २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल पिल्लू निळसर काळं असतं आणि पाठीवर गडद, वेडेवाकडे पट्टे असतात. 'काळं अंडं' दाखवून कोणी पिल्लं विकत असेल तर तिथूनच परत फिरा, कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी असतं. आणि "पिल्लं तुम्ही घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ" या बोलीवर पैसे गुंतवू नका. पश्चिम महाराष्ट्रात २०१९ साली कितीतरी शेतकरी अशा बोलीत बुडाले, पोलिसांत तक्रारी गेल्या, आणि खुराड्यातले पक्षी दाण्यावाचून राहिले. फोनवर फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवण्याचीही तीच गत. जागा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आमच्या माता-भगिनींसाठी एक खास सल्ला. परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत त्याच सांभाळतात. घरात दहा-वीसच पक्षी ठेवायचे असतील, दिवसा रानात जावं लागत असेल आणि विजेचा भरवसा नसेल, तर एक दिवसाचं पिल्लू आणूच नका. त्याला पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत न्यायची. त्यापेक्षा चार आठवड्यांचं पिल्लू घ्या. काही ठिकाणी बचत गट किंवा तरुण मुलं मदर युनिट चालवतात. उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणायची, ऊब आणि लसी देऊन महिनाभर वाढवायची आणि मग गावात विकायची. भाव जास्त पडतो खरा, पण मर होण्याचा सगळ्यात नाजूक काळ दुसऱ्यानं निभावून दिलेला असतो. तिथे गेलात की पाचव्या ते सातव्या दिवसाची मानमोडीची लस लासोटा, चौदाव्या दिवसाच्या आसपासची गंबोरो आणि चौथ्या आठवड्यातला लासोटाचा दुसरा डोस झाला का, हे तारखांसकट विचारा. मग दहा मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. कोणी शिंकतं का, कोणी पंख पाडून उभं आहे का, तुसावर रक्ताची विष्ठा दिसते का? एक जरी तसं दिसलं तरी त्या शेडमधलं धडधाकट दिसणारंही घेऊ नका. अंड्यावर यायला टेकलेली तलंग आठवडी बाजारातून आणणं मात्र मला पसंत नाही. चार गावांच्या कोंबड्या एकाच डालग्याखाली आलेल्या असतात. आणलीच, तर निदान दोन-तीन आठवडे ती आपल्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा.

आणि शेजारच्या घरी खुडूक कोंबडी बसली असेल तर तिला विसरू नका. दहा-बारा अंडी घालून बसवलेली गावरान खुडूक वीज मागत नाही आणि पिल्लांना घार ओळखायलाही तीच शिकवते. बाहेरून आणलेली एक दिवसाची पिल्लंसुद्धा तिच्याखाली वाढू शकतात. अंड्यांवर बसून वीसेक दिवस झालेली खुडूक निवडा, रात्री अंधारात अंडी काढून पिल्लं हळूच तिच्या पंखाखाली सरकवा, आणि पहाटे उठून ती त्यांना टोचत नाही ना तेवढं पाहा.

समजा, आज तुम्ही उबवणी केंद्रात पिल्लं न्यायला आला आहात. शंभराच्या खोक्यात चार कप्पे असतात, एकेकात पंचवीस. झाकण उघडा आणि आधी ऐका. सुखात असलेली पिल्लं मंद चिवचिवतात. मोठ्यानं कलकलाट चालला असेल तर ती गारठलेली किंवा तहानलेली आहेत. मग कोपऱ्यातलं एक उचला. चांगलं पिल्लू पस्तीस-चाळीस ग्रॅमचं असतं, डोळे टवटवीत, पायांची कातडी तकतकीत. पाय सुकून सुरकुतले असतील तर ते उबून बराच वेळ झाला. उलटं करून बेंबी पाहा. ती मिटलेली आणि कोरडी हवी. काळी खपली, लोंबणारा दोरा किंवा ओल नको. गुदद्वाराला विष्ठा चिकटलेली नको. शेवटी त्याला तळहातावर पाठीवर ठेवा. तरतरीत पिल्लू तीन सेकंदांत पायावर येतं. प्रत्येक कप्प्यातली चार-पाच अशी तपासलीत तरी खोक्याचा अंदाज येतो. नर-मादी निवडून दिलेले नसतील तर निम्मे नर निघणार हे धरूनच चाला. फाल्गुनात आणलेल्या पिल्लांतले नर आषाढापर्यंत विक्रीला येतात, तेव्हा मागणीही असते. विदर्भ-मराठवाड्यात मात्र भर उन्हाळ्यात पिल्लं सांभाळणं अवघड जातं, तिथे दसऱ्याच्या सुमारास आणणं बरं.

पिल्लं सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्या. खोकं गाडीच्या डिकीत नको, मोटारसायकलवर वाऱ्याच्या तोंडीही नको, आणि पावसात झाकताना भोकं बुजवू नका. आसपास बर्ड फ्लूची बातमी असेल तर खरेदी पुढे ढकला. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ साली बर्ड फ्लूनं काय केलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना हे पुन्हा सांगावं लागणार नाही.

पावतीवर जात, उबल्याची तारीख, मरेक्सची नोंद आणि केंद्राचा फोन नंबर असू द्या. पहिल्या आठवड्यात शंभरातलं एखाद-दुसरं जातंच, त्यानं घाबरू नका. पण एकाच दिवशी पाच-सहा गेली तर मेलेली पिल्लं उकिरड्यावर टाकू नका. पिशवीत घालून, बर्फात ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात न्या. सोबत पावती घ्या. तिथून ती तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवता येतात. त्याच वेळी उबवणी केंद्रालाही फोन करा, कारण त्याच उबवणीची पिल्लं आणखी कितीतरी घरांत गेलेली असतात आणि त्यांना अजून वेळेवर सावध करता येतं.