शोधाची निगा

मृगाच्या आधी आपल्याकडे एक काम घरोघर निघत असे, आणि जुन्या घरांतून अजूनही निघते. माळवद कुठे गळते ते पाहायचे, गढीची पांढरी माती आणायची, वर पसरायची, पाणी शिंपडून धुमसून बसवायची. झाले, चार महिन्यांची काळजी मिटली. पुढच्या वर्षी पुन्हा एक थर. आजोबांनी टाकला, वडिलांनी टाकला, आपणही टाकला. घराची निगा राखली असे आपण समाधानाने म्हणतो.

पण त्या मातीचे वजन किती झाले, हे कोणी मोजले होते का? आणि ते वजन तोलून धरणाऱ्या भिंतीच्या पोटात काय आहे, हे कोणी पाहिले होते का? हे दोन प्रश्न कोणी विचारले नाहीत असे नव्हे. पण ज्या घरांना त्यांचे उत्तर हवे होते, त्या घरांपर्यंत ते पोहोचले नव्हते.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि पांढरे डगले येतात. ते सारे मुंबई-पुण्याला किंवा परदेशात चालायचे, आपण फक्त त्याचे फळ घ्यायचे, अशी आपली समजूत असते. आज मी आपणांस भिंत, कपाशीचे बोंड, विंचू आणि संगणक अशा चार निरनिराळ्या गोष्टींविषयी सांगणार आहे. चारही ठिकाणी शास्त्र वेगळे, अवजारे वेगळी. पण चारही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. ती कोणती, हे शेवटी आपणच ठरवावे.

प्रथम भिंत. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावोगाव गणपतीचे विसर्जन झालेले. दमूनभागून लोक झोपले होते. पहाटे चार वाजायला चार मिनिटे असताना औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या, त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर या भागात धरणी हादरली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. लातूर-धाराशिवच्या माणसाला ती पहाट नव्याने सांगायला नको.

या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. एवढ्या तीव्रतेचे धक्के जगात अन्यत्रही बसतात, पण सगळीकडे इतकी मनुष्यहानी होत नाही. मग इथेच का झाली? अभियंत्यांनी पडलेल्या भिंती न्याहाळल्या आणि उत्तर सापडले. आपली जुनी भिंत दिसते एक, पण असते दोन. आतल्या बाजूने एक दगडी पदर, बाहेरच्या बाजूने दुसरा, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड व माती. जाडी दोन फूट, कुठे तीन, कुठे त्याहूनही जास्त. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. पण या दोन पदरांना एकमेकांशी बांधणारे काही नव्हते. धक्का बसताच ते एकमेकांपासून सुटले, भिंत फुगली, फुटली, आणि वरचा मातीचा थर खाली आला. दरवर्षी निगा म्हणून चढवलेली हीच ती माती.

याच पाहणीत दुसरीही गोष्ट दिसली. जिथे लाकडी खांब आणि तुळया नीट जोडलेल्या होत्या, तिथे काही घरांच्या भिंती ढासळल्या, तरी छप्पर खांबांवर उभे राहिले आणि खालची माणसे वाचली. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या बांधणीत सगळेच वाईट होते असे नाही. चांगले काय आणि घातक काय, हे वेगळे करून पाहायला हवे होते.

उपायही सापडले, आणि ते अगदी साधे होते. भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोहोचणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवायचे. जुन्या भिंतीत असा दगड बसत नसेल, तर आरपार भोक पाडून त्यात लोखंडी सळई घालायची व काँक्रीट भरायचे. खांब आणि तुळई यांच्या जोडावर तिरपे आधार द्यायचे. माळवदावरची जादा माती उतरवायची. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा बांधायचा. गावचा गवंडी आणि सुतार यांना शिकवता येण्याजोगीच ही कामे होती. सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा कार्यक्रम आखला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि कमी नुकसान झालेल्या सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीसाठी व मजबुतीसाठी मदत देण्यात आली.

आता पुढचा भाग ऐका. पुष्कळ कुटुंबांनी त्या पैशातून जुनी भिंत बांधून न घेता शेजारी एक नवी पक्की खोली उभी केली. त्यांना दोष देता येत नाही. ज्या दगडांनी घरची माणसे घेतली, त्या दगडांत पुन्हा पैसा घालायला मन धजेना. पण म्हणून जुने घर गेले नाही. त्यात धान्याच्या कोठ्या राहिल्या, गुरे राहिली, पुढे बिऱ्हाडेही राहिली. हे ज्ञान कागदावर सुरक्षित राहिले आणि भिंत होती तशीच राहिली.

आणखी एक नोंद. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारी भागात लहानलहान धक्के बसत होते. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात दाखवलेला होता. दख्खनचा पाषाण स्थिर आहे, असा सर्वसाधारण समज होता. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला खोल विंधन केले. तेव्हा सुमारे ३४० मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा पाषाण लागला, आणि त्याखाली फार प्राचीन खडक लागला. आपल्या पायाखालच्या या काळ्या कातळाची जाडी इतकीच! २००२ साली नकाशा सुधारला गेला आणि लातूरचा भाग तिसऱ्या विभागात आला. नकाशालाही डागडुजी लागते, ती अशी.

दगडाचे झाले. आता पिकाकडे वळू. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे नाव निघाले की जुन्या शेतकऱ्यांना 'नांदेड ४४' आठवते. एनएचएच ४४ हे त्या संकरित वाणाचे शास्त्रीय नाव. १९८० च्या दशकात ते शेतकऱ्यांच्या हाती आले. कोरडवाहू जमिनीत तग धरणारे, रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी दाद न देणारे, आणि ताण पडून गेल्यावर पुन्हा बहर धरणारे हे वाण. आपल्या मातीत, आपल्या पावसावर पारखलेले असल्यामुळे ते महाराष्ट्राबाहेरही गेले.

मग २००२ साली देशात बीटी कपाशी आली. तिच्यात अळीला मारक असा गुण घातलेला होता. शेतकरी तिकडे वळले आणि नांदेड ४४ मागे पडले. अळीचा बंदोबस्त कायमचा झाला, असे पुष्कळांना वाटले. २००६ मध्ये दोन जनुकांचे नवे बियाणे आले तेव्हा तर ही खात्री दुणावली. आणि २०१७ साली काय झाले? गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली. फुले डोमकळीसारखी मिटून राहिली. बोंड बाहेरून हिरवेगार, पण फोडावे तर आत अळी आणि किडकी सरकी.

असे होईल, हे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते का? होते, आणि म्हणूनच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पुडीबरोबर १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी दिली जात असे. ती शेताच्या कडेने लावायची. त्यामागचे तत्त्व असे, की विषाला न जुमानणारे पतंग सुरुवातीला फार थोडे असतात. कडेच्या साध्या कपाशीवर साधे पतंग भरपूर वाढले, तर या थोड्यांची जोडी त्यांच्याशी जमते आणि चिवट गुण पातळ होत जातो. साधी कपाशी लावलीच नाही, तर चिवटाची गाठ चिवटाशी पडते. आपण काय केले? ती पुडी बांधावर फेकली. 'अळीला खाऊ घालायला का जागा द्यायची?' असा हिशेब केला. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फरदड राखली आणि अळीला बारमाही घर दिले. शोध खोटा नव्हता. त्याची निगा राहिली नाही.

इकडे नांदेड ४४ मध्येही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने महाबीजच्या सहकार्याने बीटीचा गुण आणला. पण त्याही वाणाला हाच नियम लागू आहे. अळी शिकत असते. तेव्हा माणसाने शिकणे थांबवून चालत नाही.

आता वैद्यकातले एक उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्याच मातीतल्या माणसाचे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७० च्या दशकात ते कोकणात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला गेले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, लहान मुले हातोहात जात. गंभीर झालेल्या शंभर रोग्यांत तीस-चाळीस दगावत. त्यावर मंत्र होते, पाला होता, वेदनाशामके होती, पण नेमके काय होते हे कळत नव्हते.

बावस्करांनी रोग्याच्या खाटेशी बसून टिपणे ठेवली. घाम किती, हातपाय केव्हा गार पडले, रक्तदाब केव्हा चढला, केव्हा उतरला, छातीत पाणी केव्हा झाले. त्या टिपणांतून उलगडा झाला. विषामुळे शरीर स्वतःचीच उत्तेजक द्रव्ये बेसुमार सोडते, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे, रक्तदाबावरचे एक साधे औषध त्यांनी वापरले. त्याचे नाव प्रॅझोसिन. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले.

एवढ्यावर कोणीही थांबला असता. पण आपल्याच उपायाहून बरे काही आहे का, हे त्यांनी तपासून पाहिले. विंचवाची प्रतिलस उपलब्ध झाली होती. ७० रोग्यांचे दोन गट केले. ३५ जणांना नुसते प्रॅझोसिन, ३५ जणांना प्रॅझोसिन आणि प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झाले, ते पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात ३२. २०११ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या औषधाने नाव झाले, त्याला एकट्याला पुरेसे न मानता पुढे जाणे, याला मोठे मन लागते. नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो. त्यांनी खाटेशेजारची ही वही डोळ्यांपुढे ठेवावी.

राहता राहिला संगणक. २००८ साली मराठवाडा-विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांची टोळधाडीसारखी लाट आली. लातूरची बाजारपेठ सोयाबीनवर चालते, तेव्हा हा घाव केवढा, हे आपण जाणता. त्यानंतर २००९ पासून राज्यात किडींच्या पाहणीचा एक प्रकल्प सुरू झाला. नेमलेली माणसे ठरावीक दिवशी शेतात जाऊन ठरावीक झाडांवरच्या किडी मोजतात, आकडे संगणकात भरतात, धोक्याची पातळी ओलांडली गेली की शेतकऱ्याला सल्ला जातो.

यंत्र झटपट हिशेब करते खरे, पण ते शेतात जात नाही. एखाद्याने उन्हाच्या भीतीने झाडाखाली बसून आकडे लिहिले, तर यंत्र तेच खरे मानून चालते. चुकीच्या आकड्यावरून चुकीचा सल्ला हजारो शेतांत पोहोचतो, तोही क्षणात. संगणकाची खरी निगा बांधावर चालणाऱ्या त्या माणसाच्या सचोटीत आहे.

यंत्रातल्या मजकुरालाही निगा लागते. पूर्वी मराठी टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या अक्षरसंचांत होई. तोच मजकूर आज दुसऱ्या यंत्रावर उघडावा, तर अक्षरांऐवजी खुणांची खिचडी दिसते. युनिकोडमुळे आता ही अडचण दूर झाली आहे. पण जुना मजकूर नव्या वळणात कोणी तरी बसून आणला पाहिजे. नाहीतर लिहिलेले असून नसल्यासारखेच.

श्रोतेहो, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. तेथील प्रबंध 'शोधगंगा' या देशव्यापी संग्रहात कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ते कपाटात आणि यंत्रात पडून राहायचे, की गवंड्याच्या, शेतकऱ्याच्या, दवाखान्यातल्या परिचारिकेच्या कानापर्यंत जायचे, हे एकट्या विद्यापीठाच्या हाती नाही. आपण विचारले, तर ते येतील.

म्हणून एवढेच करा. यंदा माळवदावर माती टाकण्याआधी जुनी माती किती आहे ते टोकरून पाहा, जास्त असेल तर आधी ती उतरवा. भिंतीला पोट आले असेल, तर नुसता गिलावा मारून ते झाकू नका. जाणत्या गवंड्याला दाखवा. कपाशीची फरदड ठेवू नका. विंचू चावला तर देवळात न नेता दवाखान्यात न्या. आणि कोणी शेतात किडी मोजायला आला, तर त्याला पाणी द्या व खरी झाडे दाखवा.

शोध लावणारा एकटा असतो. तो जिवंत ठेवणारे मात्र आपण सगळे असतो.