हेड गॅस्केटचे काम : काय बदलावे, काय ठेवावे

(मोटार वर्कशॉप कामगारांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



हेड गॅस्केट उडालेली गाडी वर्कशॉपला आली की पहिला प्रश्न असतो, "सामान किती लागणार?" कुठे हुकूम असतो की कमीत कमी लावा. कुठे बिल फुगावे म्हणून चांगले सामानही भंगारात जाते. दोन्ही गोष्टी चूक आहेत. कोणता भाग बदलायचा हे तपासणीने ठरले पाहिजे, हुकमाने नव्हे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. गॅस्केट आपणहून क्वचितच जाते. बहुधा आधी इंजिन तापलेले असते. ते का तापले हे न शोधता नुसते गॅस्केट बदलले, तर तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते. म्हणून रेडिएटर तुंबला आहे का, वॉटर पंपाच्या शाफ्टला खेळ आहे का, थर्मोस्टॅट गरम पाण्यात उघडतो का, फॅन बेल्ट सैल आहे का, हे हेड उतरवतानाच पाहा.

आता सामानाचे तीन गट करा.

पहिला गट, न विचारता बदलायचा. हेड गॅस्केट, उघडलेले मॅनिफोल्ड गॅस्केट, डिझेल इंजिनात इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर. एकदा दबलेले हेड गॅस्केट पुन्हा भरवशाने बसत नाही. पाणी ऑइलमध्ये मिसळले असेल तर ऑइल आणि फिल्टरही बदला. दुधाळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाही.

दुसरा गट, मोजून ठरवायचा. हेडवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि तिरपी ठेवून फीलर गेज घाला. ब्लॉकचा माथाही तसाच तपासा. वेट लायनरच्या इंजिनात लायनर किती वर आहे ते मोजा. हद्द मॅन्युअलमध्ये असते, अंदाजाने ठरवू नका. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते, म्हणून बिडाच्या ब्लॉकवरचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड लवकर वाकते. तडा डोळ्याला दिसेलच असे नाही. प्रेशर टेस्ट करून घ्या. बोल्ट अंशाच्या मापाने आवळायचे, ताणले जाणारे असतील तर बहुतेक कंपन्या नवेच घालायला सांगतात. साधे असतील तर लांबी आणि आटे पाहून पुन्हा चालतात.

तिसरा गट, उघडलेच आहे म्हणून बदलायचा. व्हॉल्व्ह सील, कडक झालेले होज, जुना थर्मोस्टॅट; टायमिंग बेल्टचे इंजिन असेल तर मुदत जवळ आलेला बेल्ट. सामान त्या मानाने स्वस्त, पण नंतर बदलायचे तर पुष्कळशी मेहनत पुन्हा. मात्र पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह मापात असतील तर त्यांना हात लावू नका.

आपल्या प्रकृतीचाही विचार करा. जुन्या इंजिनांच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ते कोरडे खरवडू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. ओले करून काढा. ती धूळ फुप्फुसात राहते आणि रोग कित्येक वर्षांनी दिसतो.

शेवटचा मुद्दा जॉबकार्डाचा. हेड वाकलेले आहे, पण स्टोअरने "नुसते गॅस्केट लावा" म्हटले, तर काय कराल? मोजलेले माप, मागितलेले सामान आणि न मिळालेले सामान तारखेसह जॉबकार्डावर लिहा आणि फोरमनची सही घ्या. गाडी घाटात बंद पडली तर प्रवासी रस्त्यावर, चालकावर ठपका आणि मेकॅनिकला मेमो, हे आपण पाहत आलो आहोत. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीने झालेले असावे आणि त्याला आधी म्हणणे मांडायची संधी मिळावी, ही अट १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण म्हणणे मांडायला पुरावा लागतो. तो तोंडी नसतो, कागदावर असतो.

तेव्हा पाना हातात असेल तेव्हा खिशात पेनही असू द्या. चोख काम आणि चोख नोंद, या दोन्हींवर आपली नोकरी आणि गाडीतल्या माणसांचा जीव अवलंबून आहे.