जुनी मारुती, आपल्या हातात

शिलाई मशीनला तेल कुठे द्यायचं हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक असतं. आज त्याहून थोडं मोठं मशीन घेऊ. पत्र्याच्या शेडखाली किंवा लिंबाच्या झाडाखाली उभी असलेली आपली जुनी मारुती ८००.

अहमदपूर तालुक्यात अजून बऱ्याच दारांत ही गाडी दिसते. घरातली तरुण मंडळी म्हणतात, "आता काय राहिलंय तिच्यात? देऊन टाका भंगारात." माझा मुलगाही म्हणतो. माझी गाडी १९९७ सालची आहे आणि मी ती ठेवली आहे. का ठेवली, कशी ठेवली ते सांगते. कधी ठेवू नये, तेही सांगते.

आधी तिचं कूळ बघू. सुझुकी ही जपानी कंपनी १९०९ साली मागाच्या कारखान्यातून सुरू झाली. लुगडी विणायचे माग असतात ना, तसले. १९७९ साली त्यांनी ऑल्टो नावाची छोटी गाडी ४ लाख ७० हजार येनला बाजारात आणली. येनचा आकडा मोठा वाटतो, पण तिथल्या मानाने ती फार स्वस्त होती. घरातली दुसरी गाडी म्हणून जपानी बायकांनी ती खूप घेतली. पुढच्या पिढीच्या ऑल्टोत तर काही मॉडेलांना चालकाची सीट दाराकडे फिरवता यायची, म्हणजे झगा सावरत उतरायला सोपं. साडी नेसणाऱ्या बाईला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे मारुती ८०० आली १४ डिसेंबर १९८३ ला. पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. १९८६ साली तिचं रूप बदललं आणि आज आपण ओळखतो ती गाडी आली. ही नव्या रूपातली गाडी जपानच्या दुसऱ्या पिढीच्या ऑल्टोवरून घेतलेली. त्याच ऑल्टोची एक धाकटी बहीण जपानमध्ये १९८७ साली निघाली, ऑल्टो वर्क्स. इंजिन आपल्यापेक्षा लहान, ५४३ सीसी, पण त्याला टर्बो लावून ६४ अश्वशक्ती काढलेली. आपली ७९६ सीसी, आणि ताकद साधारण ४० अश्वशक्तीच्या आत. ती वर्क्स आज तिकडे शौकिनांची जुनी स्पोर्ट्स कार म्हणून जपली जाते. म्हणजे आपल्या दारात उभी आहे ती त्याच घरची, साध्या स्वभावाची लेक.

जपानमध्ये जुन्या गाड्या जपण्याला मान आहे. माझदा कंपनीची रोडस्टर नावाची दोन सीटची, उघड्या टपाची गाडी १९८९ साली आली. तिच्या पहिल्या पिढीच्या गाड्या कंपनी आता स्वतः दुरुस्त करून देते, बंद पडलेले सुटे भागही पुन्हा बनवून घेते. आपल्या ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तोवर २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या, त्यामुळे तिचे बरेचसे भाग अजून लातूर-नांदेडच्या दुकानांत मिळतात. आपली जमेची बाजू ती.

पण गाडी नुसती ठेवली म्हणून टिकत नाही. हरपाल सिंगांनी ती पहिली गाडी २०१० साली वारेपर्यंत विकली नाही. त्यांच्यामागे ती दारात उभी राहून गंजत गेली. पुढे ती दुरुस्त करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवली, म्हणून वाचली. पंतप्रधानांच्या हातून आलेल्या गाडीची ही गत, तर आपल्या गाडीचं काय? गाडीला माया लागते ती आठवड्याच्या आठवड्याला, दहा-पंधरा मिनिटांची.

रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी पाच गोष्टी बघते. तुम्हीही लिहून घ्या.

पहिली, गाडीखालची जमीन. काळा डाग म्हणजे ऑईल. हिरवट किंवा लालसर ओल म्हणजे कुलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेकचं तेल असू शकतं, मग गाडी हलवायची नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं. पेट्रोलचा वास आला तरी तेच. चावी फिरवायची नाही.

दुसरी, इंजिन ऑईल. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. नुसतं काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काळं होणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी शिरलंय. लगेच दाखवा.

तिसरी, कुलंट. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय फार. चहाच्या पातेल्याला किंवा माठाला जसा पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. मग एप्रिल-मे महिन्यात गाडी तापते, इंजिनचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि हजारोंचा खर्च उभा राहतो. तयार कुलंट घ्या, तेच घाला. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. कुकरची शिट्टी निघण्याआधी झाकण उघडतो का आपण?

चौथी, ब्रेकचं तेल. त्याची डबी पांढरट प्लास्टिकची असते, बाहेरूनच पातळी दिसते. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून पातळी बरोबर असली तरी दर दोन वर्षांनी बदलून घ्यायचं.

पाचवी, टायर. हवा थंड टायरमध्येच तपासायची, स्टेपनीचीही. टायरच्या अंगावर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. सहा वर्षांवर गेलेल्या टायरवर मी हायवेला जात नाही.

टायमिंग बेल्ट मात्र बाहेरून दिसत नाही. हा रबरी पट्टा इंजिनच्या कडेला झाकणाआड असतो. तो तुटला की गाडी चालता चालता बंद. मागे कधी बदलला हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर बदलून घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

आता आपल्या मातीचं. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरची काळी माती चाकावरच्या पत्र्याला आतून चिकटते आणि दिवाळीपर्यंत ओल धरून बसते. गंज तिथून सुरू होतो. शेतातून आलं की पाण्याच्या पाइपने आतली बाजू धुवायची. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवायची. पायाखालचं मॅटिंग उचलून उन्हात टाकायचं. आणि सोयाबीन-तुरीची पोती गाडीशेजारी रचायची नाहीत. पोत्यांमागे उंदीर येतात, ते वायरी कुरतडतात.

आता पेट्रोलचं बोलू. इथेनॉल आपल्याला परकं नाही, उसापासून आणि धान्यापासून ते तयार होतं. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सगळीकडे झालं. शेतकऱ्याच्या घरची म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. पण आपली जुनी कार्बोरेटरवाली गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, हेही खरं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवतं, चिरवतं. ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. शिवाय त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. उपाय अवघड नाहीत. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घालून घ्या. फिल्टर वेळेवर बदला. कार्बोरेटर वर्षातून एकदा साफ करून घ्या. आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा.

हे सगळं बायकांनी का शिकायचं? एक अनुभव सांगते. मागच्या वर्षी गाडी चढाला ओढेना. एका गॅरेजात सांगितलं, क्लचप्लेट गेली, इंजिन-गिअरबॉक्स सुटं करावं लागेल. मी विचारलं, "दादा, आधी क्लचच्या केबलचा ताण बघितला का?" बघितला नव्हता. केबल फार ताणलेली होती, त्यामुळे क्लच पूर्ण बसत नव्हता. पाना लावून ती ढिली केली आणि गाडी सरळ झाली. तुम्हाला दुरुस्ती आलीच पाहिजे असं नाही. प्रश्न विचारता आला तरी बरंच काम होतं. बाई गाडी घेऊन आली की तिला काय कळतंय, असं पुष्कळांना वाटतं. ते एका प्रश्नात थांबतं.

त्यासाठी एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे, एवढंच लिहायचं. दुधाचा हिशोब ठेवतो तसा. बदललेला जुना भाग मागून घ्यायचा, तोही वहीच्या शिस्तीचाच भाग.

कागदपत्रंही पक्की हवीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून आरसी वाढवून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या गाडीचं नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झालं. विमा, पीयूसी, नवी सुरक्षा नंबरप्लेट हे वेगळं. हा खर्च आधी मांडा, मग ठरवा. नव्या गाडीच्या हप्त्याशी तुलना करूनच मी ठरवलं.

आता, गाडी कधी ठेवू नये? तीन ठिकाणी मन घट्ट करायचं. चाकांची सस्पेन्शन जिथे बोल्टने बसते तिथला पत्रा गंजून भुगा झाला असेल, स्टिअरिंगमध्ये दुरुस्तीनंतरही खेळ राहत असेल, किंवा ब्रेक पुन्हा पुन्हा दगा देत असेल, तर आठवणी बाजूला ठेवा. सासऱ्यांची गाडी होती, लग्नात आली होती, सगळं मान्य. पण तिच्यात आपली लेकरं बसतात. मोडीत काढताना नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द करा. नुसती भंगारवाल्याला दिली तर कागदावर ती तुमच्याच नावाने फिरत राहते.

चांगली गाडीही आजच्या गाडीइतकी सुरक्षित नाही, हे विसरू नका. तिच्यात एअरबॅग नाही, पत्रा पातळ आहे. म्हणून माझे नियम ठरलेले आहेत. सीटबेल्ट लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही. साठच्या वर जायचं नाही. रात्री हायवेला जायचं नाही.

एवढं करून मिळतं काय? सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर लातूरच्या फेऱ्या मी केल्या. चाकूरमार्गे जायचं, दुपारी परत. कुणाला सुट्टी आहे का, कुणाची गाडी मोकळी आहे का, हे एकदाही विचारावं लागलं नाही. सासूबाई शेजारच्या बायकांना सांगायच्या, "सुनेनं नेलं आन् सुनेनं आणलं."

आणि मजा? ती तर आहेच. गाडी हलकी, साडेसहाशे किलोच्या आसपास. पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला मी शिरूर ताजबंदकडे निघते. काचा खाली, रस्ता रिकामा, एका बाजूला हरभरा, दुसरीकडे पिवळी करडई. चढाला चौथ्यातून तिसऱ्यात घेतलं की इंजिनचा आवाज बदलतो, गाडी दम धरते आणि वर चढते. त्या आवाजावरून ती बरी आहे की नाही हे मला कळतं. वेग चाळीसचा असतो, पण गाडी मी चालवते आहे हे अंगभर जाणवतं. तिकडे जपानात लोक जुन्या स्पोर्ट्स कार जपतात ते याच सुखासाठी. त्याला मोठा पैसा लागतोच असं नाही.

तर या आठवड्याचं काम. गाडी तुम्ही चालवत असा वा नसा, बोनेट उघडायला सांगा आणि ऑईलची डिपस्टिक, कुलंट, ब्रेकच्या तेलाची डबी आणि बॅटरी या चार गोष्टी स्वतः शोधून काढा. टायरवरचे चार आकडे वाचा. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला आणि खाली आपलं नाव लिहा. गाडी कागदावर कुणाच्याही नावाची असली तरी चालेल. वही तुमची असू द्या.